बिनगंजाची सुरी

कुणाला पित्त असतं, कुणाला दमा असतो. आमच्या शेजारच्या गोपाळरावांना हेवा होता. हे मी त्यांच्यामागे बोलतो आहे असं समजू नका, ते स्वतःच सांगायचे. संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायचे, छातीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "मास्तर, सकाळपासून आत नुसती आग आग होतेय. स्टेशनमास्तरांच्या मेव्हण्याला पुण्यात घर मिळालं." या मेव्हण्याला त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. पुण्याला राहायला जायची त्यांची इच्छाही नव्हती. पण घर त्याला मिळालं आणि आपल्याला मिळालं नाही, एवढं त्यांना पुरत असे.

मग ते घरात जाऊन ताक मागायचे. वहिनी माझ्या बायकोला म्हणायच्या, "यांनी ताक मागितलं की मी समजते, आज गावात कुणाचं तरी बरं झालं."

मी लोणावळ्याच्या शाळेत लागलो तेव्हा गोपाळराव स्टेशनात पार्सलबाबू होते. उंच, किडकिडीत, काळी टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, आणि कोटाच्या खिशात कायम एक तेलकट फडकं. हे फडकं कशासाठी ते मला आठवडाभरात कळलं. त्यांनी मला घरात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि देव्हाऱ्याखालच्या फळीवरून एक सुरी काढून माझ्यासमोर पाटावर ठेवली. हातात दिली नाही. आपल्याकडे सुरी हातोहात देत नाहीत, दिली तर भांडण होतं म्हणतात. ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची.

"उचला," ते म्हणाले. "आणि वजन बघा."

सुरी साधीच होती. वीतभर पातं, लाल रंगवलेली लाकडी मूठ, चामड्याचं म्यान. नक्षी नाही, बटण नाही, मिटायची सोय नाही. पण हातात घेतल्यावर ती आपल्याच हाताची वाटली हे मला कबूल केलं पाहिजे. ती स्वीडनची होती. धरणांची कामं चालू होती त्या काळात एक स्वीडिश साहेब यंत्रं बसवायला आला होता. त्याची पार्सलं गोपाळरावांनी वेळेवर सोडवली म्हणून जाताना त्यानं त्यांना ही सुरी दिली. इथपर्यंत सगळं छान होतं. वाईट एवढंच झालं की साहेबाजवळ अगदी तसलीच आणखी एक सुरी होती, आणि ती त्यानं सखारामला दिली.

सखाराम कान्ह्याचा शेतकरी. भाताची खाचरं होती, बांबूचं बेट होतं, आणि धरणावर बांबू पुरवता पुरवता त्याची साहेबाशी दोस्ती झाली होती. जाड मिशीचा, मोठ्यानं हसणारा, कशाचीच फिकीर नसलेला माणूस. फावल्या वेळात काठ्या तासायचा आणि उन्हाळ्यात हवापालटासाठी आलेल्या शेटलोकांना विकायचा. तो आणि गोपाळराव जिवलग मित्र होते. गोपाळरावांचा सगळ्यात मोठा हेवाही त्याच्यावरच होता. परक्यांचा ते नुसता हेवा करायचे, सखारामचा मन लावून करायचे.

त्या दोन सुऱ्यांची गोष्ट सगळ्या बाजाराला माहीत होती. दोन्ही नव्याकोऱ्या, दोन्ही एकाच कारखान्यातल्या. पण पहिल्याच दिवशी गोपाळरावांना वाटलं, सखारामच्या मुठीचं लाकूड जास्त चांगलं आहे. त्यांनी अदलाबदल मागितली. सखाराम म्हणाला, "घ्या की!" अदलाबदल झाली. रात्रभर गोपाळरावांना झोप नाही. पहिलीच बरी होती. सकाळच्या गाडीनं कान्ह्याला गेले. सखाराम म्हणाला, "मग घ्या परत!" आता दोघांनीही रिवाजाप्रमाणे आपापली सुरी ओसरीवर ठेवली, आणि तेवढ्यात सखारामच्या बायकोनं चहा आणला. चहा घेऊन दोघं वळले तर जमिनीवर दोन सुऱ्या, दोन्ही लाल, दोन्ही सारख्या, आणि कुठली कुणाची हे दोघांनाही सांगता येईना. सखारामनं हाताला आली ती उचलली आणि हसत हसत कमरेला लावली. गोपाळरावांनी उरलेली घेतली.

तेव्हापासून आपली खरी सुरी सखारामकडे आहे हा संशय त्यांच्या मनातून कधी गेला नाही. "मला सिद्ध करता येत नाही, मास्तर," ते म्हणायचे, "पण त्याच्या हातात ती जशी चालते तशी माझ्या हातात चालत नाही. याचा अर्थ काय?" याचा अर्थ सखाराम रोज काठ्या तासायचा आणि गोपाळराव रोज सुरी पुसायचे एवढाच होता. पण ते मी त्यांना सांगितलं नाही. शेजारधर्म असतो.

पुढे बाजारातल्या हसमुखशेटनं मुंबईहून तसल्याच सुऱ्या मागवायला सुरुवात केली आणि लोणावळ्यात या सुरीचे शौकीन तयार झाले. इंजिनांच्या शेडमधला पेद्रू ड्रायव्हर, डाकबंगल्याचा खानसामा, दोन-चार फिटर, झालंच तर सखाराम आणि गोपाळराव. रविवारी दुपारी ही मंडळी हसमुखशेटच्या लोखंडी सामानाच्या दुकानात फळीवर बसायची. मीही जायचो, पण मला सुरीतलं काही कळत नाही. पेन्सिलीला टोक काढण्यापलीकडे मी कधी पातं चालवलेलं नाही. मला ती माणसं बघायला आवडायची.

कारखानेवाल्यांना काय स्वस्थता असते? दर दोन-चार वर्षांनी सुरीत काहीतरी बदल व्हायचा, आणि नवं खोकं फुटलं की दुकानात मोठी सभा भरायची. एकदा मुठीपुढं लोखंडाचा आडवा ओठ आला. हसमुखशेट आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, "बोट सरकीने पात्यावर जाणार नाही. सेफ्टी!"

"ज्याचं बोट सरकतं त्यानं सुरी घ्यावी कशाला?" गोपाळराव उसळले. "चमचा घ्यावा!"

पेद्रूला मात्र तो ओठ आवडला. मग दोन तट पडले. ओठवाले आणि बिनओठवाले. काही रविवार तर दोन्ही तट वेगळ्या हॉटेलातून चहा मागवत होते. गोपाळराव बिनओठवाल्यांचे पुढारी. आणि त्याच महिन्यात वहिनींना तुरीच्या डाळीच्या डब्यात, डाळीच्या तळाशी, एक ओठवाली सुरी सापडली. मी नेमका तिथं होतो. गोपाळराव जराही ओशाळले नाहीत. "शत्रूकडं काय आहे ते माहीत असावं लागतं," म्हणाले, आणि सुरी पुसून पुन्हा डाळीत ठेवली.

मग म्यान बदललं. चामडं जाऊन काळ्या, पुठ्ठ्यासारख्या कसल्याशा पदार्थाचं म्यान आलं. आमच्याकडच्या पावसात चामड्यावर हिरवी बुरशी चढते, तेव्हा बदल शहाणपणाचाच होता. गोपाळराव म्हणाले, "चामड्याला बुरशी येते म्हणून पुठ्ठा? उद्या माणसाला सर्दी होते म्हणून लाकडाचं नाक बसवाल!" सखाराम एवढ्या मोठ्यानं हसला की शेटच्या तराजूचं पारडं हललं. आणि जाताना त्यानं ते नवं म्यान विकत घेतलं. गोपाळराव त्या संध्याकाळी माझ्याकडे आले नाहीत, थेट घरी ताकाला गेले.

पण हे सगळं वरवरचं होतं. गोपाळरावांचं खरं राज्य पावसाळ्यात असे.

लोणावळ्याच्या पावसाची तारीफ करणारे लोक चार दिवस येतात आणि जातात. आम्ही चार महिने काढतो. कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही, आणि लोखंड रात्री नीट ठेवलं तरी सकाळी लाल होतं. ती सुरी तर जातीच्या पोलादाची, तिला गंज लगेच धरतो. आणि सगळ्या लोणावळ्यात एकट्या गोपाळरावांच्या सुरीवर कधी डाग पडत नसे. त्यामुळे आषाढ लागला की मंडळी आपापल्या सुऱ्या त्यांच्याकडे आणून टाकत. एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात खाली कोरडी राख, वर भाताचं तूस, आणि त्यात सगळ्यांच्या सुऱ्या, मुठीला रंगीत दोरे बांधलेल्या. दर रविवारी डबा उघडायचा, चुलीजवळ बसायचं, एकेक पातं पुसायचं, शिवणयंत्राचं तेल बोटानं लावायचं आणि पुन्हा तुसात ठेवायचं. दुसऱ्याच्या सुरीला तेल लावताना त्यांचा हात आपोआप आखडायचा, हे मी पाहिलं आहे. पण मग रात्री कधीतरी उठून ते पुन्हा डबा उघडायचे आणि कमी लावलेलं तेल पुरं करायचे. त्यांच्या घरात कुणाच्या सुरीला गंज चढला असता तर त्यांना जगणं नकोसं झालं असतं.

आणि खंडेनवमीला त्यांचा दिवस यायचा. पुढच्या खोलीत पाट मांडायचा, त्यावर पांढरं वस्त्र, आणि वस्त्रावर सगळ्या सुऱ्या रांगेनं, आरशासारख्या. हळदकुंकू वाहायचं ते फक्त मुठीला. पात्याला ओलं बोट लावलं तर वहिनींचीसुद्धा खैर नसे. पूजा झाली की चहा, चिवडा, आणि दसऱ्याला सकाळी ज्याची त्याला सुरी परत. त्या दिवशी अख्खा बाजार त्यांच्या दारात असायचा. पेद्रू ड्रायव्हर ख्रिश्चन, पण तोही टोपी काढून नारळ ठेवायचा. त्या दिवशी गोपाळरावांना कुणाचाही हेवा वाटत नसे. वर्षातला तो एक दिवस त्यांची तब्येत उत्तम असे.

आणि मग बिनगंजाची सुरी आली.

ही गोष्ट दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची. हसमुखशेटच्या पार्सलात या खेपेला एक नमुना येणार आहे, त्याला गंजच चढत नाही, अशी बातमी पसरली. पार्सल आलं ते अर्थातच गोपाळरावांच्या हातात. त्यांनी ते उचलून पाहिलं, कानाशी हलवून पाहिलं, आणि पावतीवरचं नाव नीट लागत नाही असं कारण काढून कोपऱ्यात ठेवून दिलं. रविवारी सुट्टी होती. तेव्हा पार्सल सोडायचं, शेटबरोबर दुकानात जायचं आणि खोकं फुटताना पहिला हात आपला, असा बेत त्यांनी मला हळूच सांगितला होता. पण शेटला शनिवारीच घाई झाली. ते स्टेशनात आले, आणि पार्सल जड म्हणून दुकानात बसलेल्या सखारामला बरोबर घेऊन आले. गोपाळराव ड्यूटीवर, समोर गिऱ्हाइकांची रांग. त्यांना पार्सल द्यावंच लागलं. सखारामनं ते खांद्यावर घेतलं, गोपाळरावांसमोरून नेलं, शेटच्या दुकानात उतरवलं, स्वतःच फोडलं, आणि आतली एकुलती एक बिनगंजाची सुरी जागच्या जागी विकत घेतली.

संध्याकाळी तो सरळ दाखवायलाच आला. त्याच्या मनात काही नव्हतं, एवढा मोठा आनंद आधी मित्राला दाखवावा एवढंच होतं.

"बगा बाबू," त्यानं सुरी पाटावर ठेवली, "आता तुमाला माजा तरास न्हाई. पावसात भिजंना का, चिखलात पडंना का. लय झाक काम केलंय बगा त्यांनी!"

गोपाळरावांनी सुरी उचलली. पातं चांदीसारखं पांढरं होतं. बराच वेळ बघून म्हणाले, "धार टिकायची नाही हिची."

"न टिकूं दे. लावीन की पुन्हा."

"मऊ आहे."

"असूं दे."

"सखाराम, जे लोखंड गंजत नाही त्याची माणसानं काळजी कशी घ्यायची?"

"घ्यायचीच कशाला?" सखाराम हसला.

त्यानं हे सहज म्हटलं. पण गोपाळरावांचा चेहरा उतरला तो मी पाहिला. ते माझ्याशी त्या रात्री पहिल्यांदाच न चिडता बोलले. "मास्तर, इतकी वर्षं मी जे हातानं केलं ते आता कारखान्यातूनच करून येणार. आळशी माणसाची सुरीसुद्धा माझ्यासारखीच चकचकीत राहणार. मग माझ्याकडे कोण येईल?"

पुढल्या खेपेला शेटनं पेटीभर बिनगंजाच्या मागवल्या. पेद्रूनं घेतली, खानसाम्यानं घेतली, फिटर लोकांनी घेतल्या. त्या आषाढात पत्र्याच्या डब्यात दोनच सुऱ्या आल्या. पुढच्या वर्षी गोपाळरावांची एकट्याची.

तो पावसाळा त्यांनी कसा काढला ते मला विचारा. दर रविवारी, भर पावसात, छत्री घेऊन ते कान्ह्याला जायचे. निमित्त दर खेपेला नवं. कधी तांदूळ बघायला, कधी सखारामच्या बैलाची चौकशी करायला. परत आले की मी विचारायचो, "काय, गंजली?" मान हलवायचे. "खाचरात पडली होती म्हणे दोन दिवस. दोन दिवस, मास्तर! पुसली आणि लख्ख." मग थोड्या वेळानं, "मुठीपाशी मला जरा काळसर वाटलं." पुढच्या रविवारी, "चिखल होता तो." मी इतक्या आशेनं गंजाची वाट बघणारा माणूस दुसरा पाहिला नाही. वहिनी मात्र चिडायच्या. "जगाच्या सुऱ्या गंजाव्यात म्हणून नवस करा आता!" त्यांनी केलाही असेल. विचारायची माझी छाती झाली नाही.

त्याच भाद्रपदात त्यांच्या बदलीचा हुकूम आला. मनमाडला, दिवाळीच्या आत हजर व्हायचं. म्हणजे लोणावळ्यातली ही शेवटची खंडेनवमी. त्यांनी कुणाला बोलावलं नाही. "येणाऱ्याला आपण होऊन यावंसं वाटलं पाहिजे," म्हणाले. पण वहिनींना चिवडा नेहमीइतकाच करायला लावला, आणि पाटावर पांढरं वस्त्र नेहमीएवढंच मोठं घातलं. त्या एवढ्या मोठ्या वस्त्रावर त्यांची एकट्याची सुरी होती. दुपार गेली. पेद्रूची ड्यूटी होती. खानसाम्याकडे पाहुणे होते. कुणी मुद्दाम टाळलं असं नाही, पण येण्याचं कारणच कुणाला उरलं नव्हतं. गोपाळराव दारात उभे राहायचे, आत यायचे, वस्त्राची सुरकुती काढायचे, पुन्हा दारात जायचे.

दिवेलागणीच्या जरा आधी सखाराम आला. नेहमीसारखा हसत नव्हता, मान खाली घालून आला. चपला काढल्या, आणि कमरेची सुरी म्यानातून ओढून पाटाच्या कडेला ठेवली.

"बाबू, तुमी म्हणत होता त्येच खरं," तो म्हणाला. "गंजली बगा."

मी वाकून पाहिलं. पात्यावर टोकापासून मुठीपर्यंत तांबडे तांबडे डाग होते.

गोपाळरावांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. त्यांनी सुरी उचलली, उजेडाकडे धरली. "म्हणत नव्हतो मी? म्हणत नव्हतो? कारखानेवाल्यांचं काय जातंय बोलायला!" त्यांनी डागावर बोट घासलं. बोटाकडे पाहिलं. अंगठ्यावर ते बोट पुन्हा घासलं, आणि नाकाशी नेलं.

मग त्यांनी सखारामकडे पाहिलं. सखाराम आढ्याकडे बघत होता, जणू त्या आढ्याला कधी नव्हे ते काही लागलं होतं.

"किती हा गंज," शेवटी गोपाळराव म्हणाले. "लाज नाही वाटत? अशी ठेवतात सुरी?"

"चुकलं बाबू," सखाराम म्हणाला. "आमाला न्हाई जमत. तुमीच बगा तिच्याकडं. ऱ्हाऊं द्या हितं, उद्या सोनं वाटाया येईन तवा न्हेतो."

"एका रात्रीत जायचा नाही हा. बराच मुरलाय."

"मग दिवाळीच्या आदी न्हेतो. तुमी जायच्या आदल्या दिशी."

चहा झाला. सखारामनं चिवड्याच्या दोन वाट्या खाल्ल्या, वहिनींना नमस्कार केला आणि स्टेशनाकडं निघून गेला. तो वळणावर दिसेनासा होतो न होतो तोच वहिनी पाटाशी आल्या, सुरीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, हा गंज कुठला! हा तर गेरू आहे. घट बसायच्या आधी भिंतीला लावतात तो. तुम्हाला एवढंही—"

"तुला काय कळतंय गंजातलं!" गोपाळराव एकदम ओरडले. वहिनी दचकून आत गेल्या.

बाहेर अंधार पडत होता. गोपाळरावांनी दिवा जवळ ओढला, खिशातलं फडकं काढलं आणि सुरी पुसायला घेतली. पहिल्याच हाताला गेरू निघून गेला आणि खालचं पांढरं, कोरं पातं चमकलं. एकही डाग नव्हता. तरी ते पुसतच राहिले. मग शिवणयंत्राच्या तेलाची बाटली घेऊन त्या न गंजणाऱ्या पात्याला टोकापासून मुठीपर्यंत बोटानं हळूहळू तेल लावू लागले. मला वाटलं, मी आहे हे ते विसरले. मी उठलो, तेव्हा मान वर न करता म्हणाले,

"मास्तर, सुरी त्याची चांगली निघाली, ते मी सोसलं. हात त्याचा चांगला, तेही सोसलं. पण आज तो भिंतीचा गेरू पात्याला फासून कान्ह्याहून इथवर आला. हे मला का नाही सुचत हो कधी? एवढं मोठं मन देवानं त्यालाच का दिलं?"